फुलांची बाजू रस्त्याकडे

मित्रांनो, मी एक जुनी कनात आहे. कनात म्हणजे कापडाची भिंत. मांडवाभोवती, तंबूभोवती बांबूंवर ताणून उभी करतात ती. माझ्या मधोमध एक भलेमोठे जळके भोक होते, आणि आता त्यावर निळ्या कापडाचे ठिगळ आहे. ते पाहून हसू नका. त्या भोकाचीच गोष्ट मला सांगायची आहे, आणि ती हसण्यासारखी नाही. म्हणजे थोडीशी आहे, पण ते पुढे येईल.

माझा जन्म जयपूरजवळच्या बगरूचा. तिथे घरोघरी कापडावर ठसे मारतात. आधी मला हिरड्याच्या पाण्यात बुचकळले, तेव्हा मी सायीसारखी पिवळसर झाले. मग लाकडी ठशांनी माझ्यावर महिरपी उठवल्या, आणि प्रत्येक महिरपीत लाल फुलांचे एकेक झाड. काळ्या रेघा कशापासून केल्या म्हणाल, तर गंजके लोखंड आणि गूळ महिना-पंधरा दिवस मडक्यात मुरवून! उन्हात वाळत पडले होते तेव्हा येणारेजाणारे थांबून माझ्याकडे बघत. मी तेव्हापासूनच जरा नखरेल आहे, हे आधीच सांगून ठेवते.

जयपुरात गोरधनजींनी मला विकत घेतले. मांडव, दऱ्या, कनाती भाड्याने देण्याचा त्यांचा धंदा होता. त्यांच्याकडे धापू नावाची एक मुलगी शिवणकाम करी. माझे तुकडे तिनेच जोडले, बांबू घालायच्या नळ्या तिनेच शिवल्या. घरात मुलींवर मुली झाल्या की तिकडे शेवटच्या मुलीचे नाव धापू ठेवतात. धापू म्हणजे 'पोट भरलं, आता पुरे'. ती स्वतःच हे हसत हसत सांगायची. तिची सुई माझ्या अंगातून हजारदा गेली असेल, पण मला कधी टोचल्यासारखे वाटले नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. मला दोन बाजू आहेत. एक फुलांची आणि दुसरी मागची. मागच्या बाजूला गाठी, शिवणी आणि ठशांचे आरपार आलेले अंधुक डाग. मला उभी करताना प्रत्येक जण फुलांची बाजू पाहुण्यांकडे करतो. मागच्या बाजूला कोण असते याचा विचार मीही कधी केला नव्हता. तिकडे बहुधा आचारी असत.

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या काळात मी लग्ने पाहिली, कवायती पाहिल्या, लष्करी साहेबांच्या मेजवान्या पाहिल्या. पण मला सगळ्यात आवडे ती मराठी मंडळींची गणेशचतुर्थी. बदलून आलेले केंद्र सरकारचे, बँकेचे, विम्याचे अधिकारी तिथे वर्षातून एकदा पोटभर मराठी बोलायला जमत. मला गणपतीच्या मागे उभी करत. तिथेच मी प्रभाकरराव आणि वासंतीबाईंना पहिल्यांदा पाहिले. प्रभाकरराव सरकारी इंजिनिअर, मूळचे वाईचे. वासंतीबाईंनी माझ्या फुलांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "किती सुबक काम आहे हो हे! आपल्याकडे असं बघायला मिळत नाही." मी दिवसभर ताठ उभी राहिले.

त्या दिवशी माझी एक शिवण उसवली होती, म्हणून धापूही आली होती. दुपारी पंगती उठल्यावर बायकांनी वासंतीबाईंना गळ घातली, "ती ट्रंकेची गोष्ट सांगा ना!"

"नको गं बाई, किती वेळा तेच तेच?" असे म्हणत त्यांनी सांगितलीच. नवी बदली होऊन त्या जयपुरात उतरल्या, तेव्हाची गोष्ट. हमालाच्या डोक्यावर जड ट्रंक. बिचाऱ्याची मान लचकेल म्हणून त्या कळवळून म्हणाल्या, "भैया, ट्रंक खाली करो." त्यांना म्हणायचे होते, खाली ठेव. पण हिंदीत खाली म्हणजे रिकामे. हमालाने ट्रंक भर रस्त्यात ठेवली, कडी काढली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. देवांचा डबा, पुरणयंत्र, पापडांची पिशवी, प्रभाकररावांच्या बंड्या. वासंतीबाई जो जो ओरडत, "अरे, खाली, खाली!" तो तो हमाल घाईघाईने उपसायला लागे.

"आमच्या हिने जयपूरच्या रस्त्यावर आमचा सगळा संसार ओतला," प्रभाकरराव लांबून म्हणाले. सगळे हसून हसून बेजार झाले. धापूला हिंदी तेवढे कळले, आणि तीही तोंडावर ओढणी धरून हसली. त्या हसण्याचे पुढे काय होणार आहे, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

काही वर्षे गेली. धापूचे लग्न झाले. तिचा नवरा खाणीतून दगड आणून रस्ते बांधणाऱ्यांपैकी होता. जयपुराबाहेर नवे, रुंद रस्ते होत होते, आणि ते बांधणाऱ्यांची वस्ती त्याच रस्त्याच्या कडेला होती. गवताच्या छपरांच्या झोपड्या, मागे आणि दोन्ही अंगांना जुन्या तटाची उंच भिंत, पुढे रस्ता. रस्त्यापलीकडे जनावरांच्या हौदापाशी एक नळ होता. सगळी वस्ती तिथले पाणी भरी.

साठ सालानंतरच्या एका हिवाळ्याच्या अखेरीची गोष्ट. परदेशातून कोणी मोठे पाहुणे यायचे होते आणि ते त्या रस्त्याने जाणार होते. सारे शहर धांदलीला लागले. दुकानांच्या दर्शनी भिंतींना नवा गुलाबी रंग लागला. गाई हाकलल्या गेल्या. प्रभाकररावांकडे त्या रस्त्याची जबाबदारी आली. त्यांचे वरिष्ठ, ज्यांना सगळे बडेसाहेब म्हणत, गोरधनजींच्या गुदामात स्वतः आले आणि माझा काठ बोटांत धरून म्हणाले, "ये ठीक है. इंजीनियर साहब, दुनिया के अव्वल शहरों में जयपुर की गिनती होनी चाहिए. रस्त्यावर एक झोपडी दिसली नाही पाहिजे."

प्रभाकररावांनी मान खाली घातली. "साहब, मागे तट आहे. पुढून कनात लावली तर त्या लोकांना बाहेर पडायला जागा राहणार नाही. आणि पाणी रस्त्याच्या पलीकडे."

"एखाद्या तासाचा प्रश्न आहे." मग बडेसाहेब हलकेच म्हणाले, "तुमच्या पुण्याच्या बदलीचा कागद माझ्याच टेबलावर आहे ना?"

प्रभाकररावांची आई वाईला अंथरुणाला खिळलेली होती. तीन वर्षे ते पुण्याची बदली मागत होते. त्यांनी एवढेच केले की माझे दोन पदर जुळतात तिथे माणूस जाईल एवढी फट ठेवायला सांगितली, आणि तिथे एक शिपाई उभा केला.

मला बांधायला गोरधनजींची माणसे आली, त्यांत धापूही होती. तिचे तान्हे मूल झोपडीत झोळीत होते. स्वतःच्या दारासमोर तिने माझे तणावे आवळायला मदत केली. तणावे म्हणजे कनात ओढून धरणारे दोर. फुलांची बाजू अर्थातच रस्त्याकडे. काम झाल्यावर ती माझ्या मागच्या बाजूला उभी राहिली आणि कोणाला तरी म्हणाली, "म्हारै हाथ की सियोड़ी कनात, अर ढकै म्हानै ही!" माझ्याच हातची कनात आणि झाकते मलाच. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त लागले.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. मी सारखी फडफडत होते. मेखा कुरकुरत होत्या. अधिकाऱ्यांच्या बायकांना पलीकडे नळापाशी आरतीची तबके देऊन उभे केले होते, आणि त्यांत नऊवारी नेसलेल्या वासंतीबाई होत्या. रस्ता झाडून, पाणी शिंपडून लख्ख केलेला. त्या बाजूने पाहिले असते तर तुम्हीही म्हणाला असता, वा, काय शहर आहे!

पण मला दोन्ही बाजू दिसतात. मागे वस्तीत फर्मान आले होते की धूर वर दिसता कामा नये. एरवी बायका उघड्यावर चुली पेटवत. त्या दिवशी त्यांनी चुली झोपडीत नेल्या. पोरांना भूक लागते, ती पाहुण्यांसाठी थांबत नाही. आणि पाहुण्यांच्या मोटारी निघाल्या अशी वर्दी येताच फटीवरच्या शिपायाने ती फटही दोराने आवळून टाकली. धापू हंडा घेऊन तिथेच उभी होती.

"भैयाजी, एक हंडो पाणी ल्याबा दो." एक हंडा पाणी आणू द्या, ती म्हणाली.

"आता नाही. गाड्या गेल्या की जा."

ती वळली, आणि तेवढ्यात तटाकडच्या एका झोपडीच्या छपरातून धूर निघाला. आधी बारीक. मग वाऱ्याने तो आडवा केला आणि त्यात लाल जीभ दिसली.

मित्रांनो, कापडाला आगीची भीती काय असते हे तुम्हाला कसे सांगू? पण त्या वेळी मला माझी भीती वाटायला सवडच मिळाली नाही. सगळी वस्ती माझ्या अंगावर धावून आली. माणसे मला ढकलू लागली. माझे बांबू वाकले, पण तणावे पक्के होते. धापूनेच आवळलेले होते ते. तिची स्वतःची झोपडी पेटलेल्या झोपडीला लागूनच, आणि ती या गर्दीत चिरडली जात होती. तिला मागे जाता येईना.

"म्हारो टाबर मांयनै छै!" ती किंचाळली. माझं मूल आत आहे.

ती किंकाळी रस्त्यापर्यंत पोहोचली. प्रभाकररावांनी माझ्यावरून वर येणारा धूर पाहिला. बडेसाहेबांनीही पाहिला.

"साहब, कनात काढायला हवी."

"वेडे आहात का? गाड्या आत्ता वळणावर येतील. दोन मिनिटं थांबा. त्या गेल्या की काय हवं ते करा."

प्रभाकरराव क्षणभर उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे काय आले असेल ते मला माहीत नाही. वाईचे घर असेल, अंथरुणावरची आई असेल. मग ते माझ्याकडे धावत सुटले आणि जीव खाऊन ओरडले, "कनात खाली करो! जल्दी! खाली करो!"

आणि घात झाला.

घाबरलेला माणूस आपल्या आईच्या भाषेत विचार करतो. त्यांना म्हणायचे होते, कनात खाली पाडा. शिपायांनी ऐकले ते असे की कनातीजवळची जागा रिकामी करा. त्यांनी काठ्या आडव्या धरल्या आणि माझ्या कापडाआडूनच लोकांना मागे रेटायला सुरुवात केली. मागे म्हणजे कुठे? आगीकडे! "खाली करो, खाली करो!" शिपाई ओरडत होते. प्रभाकरराव त्यांच्याहून मोठ्याने ओरडत होते, "अरे, खाली! खाली!" आणि ते जो जो ओरडत, तो तो शिपाई जोराने रेटत. साहेब इतके चिडलेत म्हणजे आपण कमी पडतोय असे त्यांना वाटले. प्रभाकररावांना काही उमगेना. माणसे रडत होती, दुसरे छप्पर पेटले होते, आणि मी बांधलेली, ताठ, फुलांची बाजू रिकाम्या रस्त्याकडे करून उभी होते.

पलीकडे वासंतीबाईंच्या हातातले तबक खणकन पडले.

"अहो, ट्रंक!" त्या ओरडल्या. "ट्रंकेसारखं होतंय! खाली म्हणू नका!"

रस्ता ओलांडायला सक्त मनाई होती. त्या नऊवारीचा ओचा खोचून सरळ रस्त्यावरून पळत आल्या. एक शिपाई आडवा आला, त्याला त्यांनी कोपराने बाजूला सारला. "गिराओ!" त्या ओरडल्या. "कनात गिराओ! नीचे गिराओ! रस्सी काटो!" आणि कोणाची वाट न बघता त्या माझ्या पहिल्या मेखेपाशी गुडघ्यांवर बसल्या आणि गाठ सोडू लागल्या. प्रभाकररावांना तेव्हा कळले. त्यांनी दुसरी मेख लाथेने उपटली. मग शिपायांनाही कळले, आणि ज्यांनी माणसे रेटली होती त्यांनीच माझे दोर कापले.

मी पडले. आयुष्यात इतक्या आनंदाने मी कधी पडले नव्हते. माझ्या फुलांवरून शेकडो पाय धावत रस्त्यावर गेले.

"हौदात बुडवा हिला!" वासंतीबाई म्हणाल्या, आणि चुकून मराठीत म्हणाल्या, पण आता सगळ्यांना सगळी भाषा कळत होती. त्यांनी आणि बायकांनी मला फरफटत हौदात लोटले. पाण्याने मी इतकी जड झाले की पुरुषांना मला उचलताना धाप लागली. त्यांनी मला धापूच्या पेटत्या छपरावर फेकले. माझ्या अंगाखाली आग चरचरली. मधोमध काहीतरी भाजत गेले आणि मला जाणवले की माझी फुले जात आहेत. जाऊ देत, मी मनात त्या आगीला म्हटले, फक्त थोडा वेळ दे. आणि माझ्या खालून, धुरातून, धापू वाकून आत गेली.

ती आत होती तोवर बायका हंड्यांनी माझ्यावर पाणी ओतत राहिल्या.

मग ती बाहेर आली. पोटाशी झोळी, झोळीत मूल. मूल रडत नव्हते. वासंतीबाईंनी ते हातात घेतले, उलटे धरून पाठीवर चापट्या मारल्या, तोंडावर हौदाचे पाणी शिंपडले. ते ठसकले आणि एकदम भोकाड पसरले. धापू रस्त्यावर बसली आणि तीही हुंदके देऊन रडू लागली. वासंतीबाईंनी मूल तिच्या मांडीवर ठेवले आणि तिचे डोके आपल्या पोटाशी धरले.

चार झोपड्या जळाल्या. माणूस एकही गेला नाही.

आणि पाहुणे? तेही सांगते. थोड्या वेळाने फटफटीवरून एक निरोप्या आला. पाहुणे प्रवासाने थकले होते, म्हणून ते दुसऱ्याच रस्त्याने थेट मुक्कामाला गेले होते. त्या बाजूला कोणी येणारच नव्हते. ज्यांच्यासाठी मला उभी केली, त्यांनी ना माझी फुले पाहिली, ना धूर. बडेसाहेब मोटारीत बसून निघून गेले.

प्रभाकररावांची पुण्याची बदली झाली नाही. ती बाडमेरला झाली, वाळवंटात, वाईपासून आणखी लांब. "आईंना आपण इकडे घेऊन येऊ," वासंतीबाई म्हणाल्या. "गरम हवा त्यांच्या सांध्यांना बरीच." जाण्याआधी प्रभाकररावांनी एकच काम हट्टाने करून घेतले. रस्त्याखालून नळी नेऊन वस्तीच्या बाजूला एक नळ बसवला.

गोरधनजी म्हणाले, "जळकी कनात भाड्याने कोण घेणार?" आणि मी धापूला मिळाले. तिने माझ्या भोकाला बगरूच्या निळ्या कापडाचे ठिगळ लावले आणि दाराच्या मापाला बेतून नव्या झोपडीला मला पडदा म्हणून टांगले. तिने फुलांची बाजू आत ठेवली. जन्मात पहिल्यांदा माझी फुले घरच्या माणसांसाठी आहेत.

बाडमेरला जायला निघाले तेव्हा स्टेशनच्या वाटेवर प्रभाकररावांचा टांगा आमच्या दारापाशी थांबला. वासंतीबाईंना मुलाला बघायचे होते. टांग्यावरची ट्रंक घसरू लागली, तशी प्रभाकरराव टांगेवाल्याला म्हणाले, "भैया, ट्रंक खा..." आणि थबकले. "नीचे. नीचे रखो." वासंतीबाईंनी तोंडाला पदर लावला. मग दोघेही हसले, आणि हसता हसता प्रभाकररावांचे डोळे भरून आले. धापूने मुलाला त्यांच्या पायांवर घातले.

आता ते मूल शाळेत जाते. दिवसातून वीसदा मला बाजूला सारून आत-बाहेर पळते, आणि मला ते फार आवडते. समोरच्या रस्त्यावर अजूनही मोठे पाहुणे येतात. कधी कधी माझ्यासारख्याच नव्या कनाती येतात, फुलांची बाजू रस्त्याकडे करून उभ्या राहतात, आणि मला त्यांची काळजी वाटते.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल. कोणी इंजिनिअर होईल, कोणी साहेब होईल. आपले शहर जगात पहिल्या प्रतीचे व्हावे असे तुम्हाला वाटेल, आणि ते वाटायलाच हवे. रस्ते रुंद करा, भिंती रंगवा, पाहुण्यांना फुले द्या. फक्त कनात बांधायला निघालात तर आधी एकदा मागच्या बाजूला जाऊन उभे राहा आणि तिथल्या बाईला विचारा, "तुला बाहेर यायला वाट कुठून आहे?" आणि हो, तिला कळेल अशा भाषेत विचारा.